बंदुकीचा पीळ उलगडणारा कॅप्टन

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, की नागपूरकरांना पचमढीचे वेध लागतात. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर अशा वस्त्यांतून पहाटे निघालेल्या गाड्या सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता कापत सातपुड्याच्या माथ्यावर पोहोचतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वाराच्या यात्रेसाठी विदर्भातील भाविकांची रीघ लागते, तीही याच बाजूने. पचमढीत गेलेला पर्यटक 'बायसन लॉज' ही जुनी वास्तू पाहतो आणि ती बांधणाऱ्या कॅप्टन जेम्स फोर्सिथचे नाव वाचून पुढे जातो. पचमढीचा शोध लावणारा इंग्रज अधिकारी, एवढीच या माणसाची ओळख आपल्याकडे उरली आहे. पचमढीच्या पायवाटा तुडवल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, वयाच्या पंचविशीत, त्याने बंदुकीवर एक पुस्तक लिहिले होते. एकच बंदूक एका गोळीने अचूक आणि दुसरीने बेभरवशाची का ठरते, या प्रश्नाचा त्याने त्यात पिच्छा पुरवला होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी नळीची घडण आजही जगातल्या ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांना ठाऊक आहे.

नागपूरच्या कारभारातला तरुण

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे शिक्षण पुरे करून तो हिंदुस्थानात आला आणि बंगाल स्टाफ कोअरमधील अधिकारी म्हणून मध्य भारतातल्या मुलकी कामावर रुजू झाला. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. १८५७ चा उठाव होऊन गेला होता. १८५८ च्या पावसाळ्यानंतर तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्याच्या कुशीतून मुलताईपर्यंत आले होते आणि महादेव डोंगरातल्या काही जमीनदारांनी त्यानंतरही झुंज चालू ठेवली होती. १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदा हे मुलूख एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला. नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल याच्या हाती प्रांताची सूत्रे आली.

या नव्या प्रांताच्या जंगल खात्यात फोर्सिथ साहाय्यक वनसंरक्षक होता. काही काळ त्याने वनसंरक्षकाचेही काम पाहिले. पचमढीच्या शोधाचे वर्ष पर्यटकांना सर्रास १८५७ असे सांगितले जाते. फोर्सिथच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार मात्र तो १८६२ च्या आरंभी या डोंगरात शिरला. १८५७ मध्ये तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. शिवाय पचमढी हरवलेली कधीच नव्हती. कोरकू आणि गोंड तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते आणि महादेवाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वहिवाटही जुनी होती. फोर्सिथने ती जागा सरकारी कागदावर आणली आणि तेथे जंगल खात्यासाठी पहिली पक्की वास्तू उभारली. तीच बायसन लॉज.

१८६२ ते १८६४ या काळात त्याने प्रांताचा बहुतेक सारा डोंगराळ भाग पायाखाली घातला. नर्मदेच्या उगमाजवळचे अमरकंटक, छत्तीसगडचे मैदान आणि त्यापलीकडची सालवने येथपर्यंत तो गेला. पुढे निमाड जिल्ह्याचा बंदोबस्त अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर म्हणून त्याची नेमणूक झाली.

नेम चुकतो कोठे?

त्या काळी जंगल खात्याच्या अधिकाऱ्याच्या तंबूत मोजणीच्या साखळीइतकीच बंदूकही आवश्यक समजली जाई. फोर्सिथ तर जातिवंत शिकारी होता. मात्र गोळी चुकली की हाताला दोष देऊन मोकळे व्हावे, हा सर्वसाधारण शिकाऱ्याचा शिरस्ता त्याला मानवला नाही. हात तोच, बंदूक तीच. मग गोळी किंवा दारूचे माप बदलताच फरक का पडतो, याचा छडा लावणे त्याला आवश्यक वाटले.

या प्रश्नाला आणखी एक गंभीर बाजू होती. कागदाच्या निशाणीवर गोळी चार बोटे बाजूला गेली, तर केवळ पैज हरली जाते. वाघाच्या किंवा गव्याच्या बाबतीत तीच चार बोटे जीवघेणी ठरतात. जखमी जनावर दाट झाडोऱ्यात शिरते. रक्ताचा माग काढण्याचे काम बहुधा अनवाणी गोंड किंवा कोरकू वाटाड्याच्या वाट्याला येते. जनावर त्या दिवशी हाती लागले नाही, तर पुढे कधीतरी महुआ वेचायला गेलेल्या बाईला किंवा गुराख्याला त्याची किंमत मोजावी लागते. जायबंदी होऊन नेहमीची शिकार साधेनाशी झालेला वाघ माणसावर उलटतो, हे जंगलाच्या आसऱ्याने राहणारे लोक जाणत होते. त्यामुळे बंदुकीची अचूकता ही शौकाची बाब उरत नव्हती.

भोवरा आणि गोळी

फोर्सिथने सोडवलेले कोडे समजण्यासाठी बंदुकीच्या नळीत डोकावून पाहावे लागते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मात्र आतून नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. स्क्रूच्या आट्यांप्रमाणे त्या नळीभर फिरत जातात. त्यांच्यात अडकून पुढे सरकणारी शिशाची गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आपला तोल राखते. खाचांचा एक पूर्ण वेढा किती इंचांत पुरा होतो, यावर नळीचा पीळ ठरतो. वेढा थोड्या इंचांत पुरा झाला तर पीळ घट्ट. जास्त इंच लागले तर सैल.

बुटका, पसरट भोवरा सावकाश फिरला तरी उभा राहतो. उंच, निमुळता भोवरा मात्र जोरात फिरवला नाही तर लगेच आडवा होतो. गोळीचेही तसेच आहे. लांबट गोळीला घट्ट पीळ हवा. तो मिळाला नाही, तर ती हवेत डगमगते, कोलांट्या खाते आणि निशाणीच्या कागदाला गोल भोकाऐवजी आडवी फाट पाडते. गोल गोळीची लांबी आणि जाडी सारखीच. तिला थोडासा फेराही पुरतो. नळीची जाडी कायम ठेवून गोळीचे वजन वाढवायचे, तर ती लांबच करावी लागते. म्हणूनच वजन बदलले, की पिळाचे गणित बदलते.

मग सगळ्याच नळ्यांना घट्ट पीळ का देऊ नये? तसे केले, तर दारूचे माप आड येते. पीळ घट्ट असेल आणि मागून दारूचा रेटा मोठा असेल, तर मऊ शिशाची गोल गोळी खाचांबरोबर वळण्याऐवजी त्या ओरबाडत सरळ निघून जाते. तिला फेरा मिळतच नाही आणि नेम पार फिसकटतो. शिकाऱ्याने दारू कमी केली, की तीच बंदूक पुन्हा अचूक होते. परंतु गोळी मंदावते आणि तिच्या वाटेला मोठा बाक येतो.

हा बाक किती घातक, ते साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला सरासरी ३०० मीटर वेगाने जाणारी गोळी १०० मीटर अंतर कापायला एक तृतीयांश सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे ५४ सेंटीमीटर खाली येते. वेग सरासरी ४०० मीटर असेल, तर घसरण ३१ सेंटीमीटरवर येते. मैदानावर अंतर मोजलेले असते. त्यामुळे माशी त्या अंतराला लावून घेता येते. जंगलात बांबूच्या बेटातून क्षणभर दिसणारे जनावर साठ पावलांवर आहे की सव्वाशे पावलांवर, हे कोण मोजणार? अंतराचा अंदाज चुकला, की मंद गोळी एक तर पाठीवरून जाते, नाही तर पोटात किंवा पायात घुसते.

काळाच्या उलट दिशेने

सारे जग त्या वेळी लांबट गोळीच्या मागे लागले होते. फ्रान्समध्ये मिनिए याने १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी आणली. तिच्याच धर्तीची गोळी घालणारी १८५३ ची एन्फिल्ड रायफल ब्रिटिश फौजेत आली. हिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. तिची गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची. पीळ ७८ इंचांत एक वेढा. इंग्लंडमधील यंत्रनिर्माता जोसेफ व्हिटवर्थ याने जवळपास तितक्याच वजनाची, पण अधिक बारीक आणि लांब गोळी घेतली आणि तिच्यासाठी पीळ २० इंचांवर आणला. त्याची रायफल लांबच्या पल्ल्यावर एन्फिल्डला सहज मागे टाकत असे. सिंधमध्ये जनरल जॉन जेकब २००० यार्डांपर्यंतच्या नेमाचे प्रयोग करीत होता.

फोर्सिथने या दिमाखदार शर्यतीकडे पाठ फिरवली. हजार यार्डांवरची निशाणी फौजेला हवी असेल. सातपुड्याच्या जंगलात बहुतेक बार शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडतात, हे त्याने अनुभवले होते. त्या पल्ल्यात गोळीची वाट शक्य तितकी सरळ असावी, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वार मर्मावर बसेल. यासाठी त्याने गोल गोळीच निवडली. ती मोठी घेतली, दारू भरपूर घातली आणि गोळी खाचा ओरबाडू नये म्हणून नळीचा पीळ सैल केला. चौदा गेजच्या नळीसाठी, म्हणजे एका पौंडात चौदा गोळ्या बसतील एवढ्या गोळीसाठी, त्याने १०४ इंचांत एक वेढा हे माप सांगितले. बहुतेक रायफलींच्या नळीची लांबी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते; त्यामुळे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पाव-एक फेराच पुरा करते. खाचा उथळ आणि रुंद, मधल्या कडा अरुंद. एवढ्या अल्पशा फेऱ्याने गोळी सरळ जाईल, यावर अनेकांचा विश्वास बसणे कठीण होते.

१८६३ मध्ये त्याचे शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. चार वर्षांनी त्याची दुसरी आवृत्तीही निघाली. पुस्तकाचे बळ त्यातल्या शिस्तीत आहे. नळी, गोळी, दारू आणि अंतर ही चारही एकमेकांना बांधलेली आहेत. एकाला हात लावला की बाकीच्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, हे त्याचे सार. कोणतीही बंदूक सर्व गोळ्यांना सारखीच चालेल, ही आशा त्याने मोडीत काढली.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १८७९ मध्ये, वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी गोळीच्या मापावरून पीळ काढण्याचे सूत्र मांडले. जाडीच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि लांबीने भागावे, असे ते साधे सूत्र. ते लांबट गोळ्यांसाठी होते. तरीही फोर्सिथच्या चौदा गेजच्या गोल गोळीचा सुमारे ०.६९३ इंचांचा व्यास त्यात घातला, तर उत्तर १०४ इंच असेच येते. यातला काही भाग योगायोगाचा मानला, तरी जंगलातल्या अनुभवाने काढलेला आकडा आणि कागदावरचे गणित एका जागी भेटावे, ही गोष्ट विलक्षण आहे.

फोर्सिथचा सिद्धांत फार काळ गादीवर राहिला नाही. पाठीमागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्या. पाठोपाठ हलक्या लांबट गोळीला भरपूर दारूचा रेटा देणाऱ्या 'एक्स्प्रेस' रायफली आणि १८८६ नंतर बिनधुराची दारू आली. कठीण धातूच्या कवचातील गोळ्या खाचा ओरबाडत नाहीत. त्यामुळे घट्ट पीळ आणि मोठा वेग यांचे भांडण मिटले. गोळीचे वजन आणि पीळ यांचे नाते मात्र सुटले नाही. अमेरिकी फौजेच्या एम-१६ रायफलला ५५ ग्रेनच्या गोळीसाठी १२ इंचांचा पीळ पुरत होता. पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आणि तिच्याबरोबरची आणखी लांब प्रकाशरेषा सोडणारी गोळी आली, तेव्हा तो ७ इंचांवर आणावा लागला. आजही एका वजनाच्या गोळीला साथ देणारी रायफल दुसऱ्या वजनाला दगा देऊ लागली, की जाणता नेमबाज दुर्बिणीचे स्क्रू आवळून झाल्यावर पहिली चौकशी नळीच्या पिळाचीच करतो.

जंगल वाचणारी नजर

फोर्सिथचा मोठा ग्रंथ मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचा. त्याच्या मृत्यूनंतर तो १८७१ मध्येच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शिकारकथा म्हणून वाचायला घेतलेल्या या ग्रंथात सातपुड्याचा भूगोल, जंगल, शेती आणि माणसे यांचे बारकाईने केलेले वर्णन सापडते. गोंडांच्या लिंगो देवाची गाथाही त्याने त्यात इंग्रजी पद्यात दिली आहे. ती गाथा मुळात गोळा केली होती नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३ मध्ये टाकळघाटजवळच्या ओढ्यात हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला आणि त्यांची टिपणे १८६६ मध्ये टेंपलने प्रसिद्ध केली. नागपूरच्या एका अभ्यासकाचे अर्धवट राहिलेले काम अशा रीतीने सातपुड्यावरच्या ग्रंथात पोहोचले.

त्याची नजर किती अचूक होती, याचे उत्तम उदाहरण सालवनांचे आहे. मध्य भारतात पश्चिमेकडे सागवान आणि पूर्वेकडे साल, अशी ढोबळ वाटणी आहे. सालवनाबरोबर बारासिंगा आणि लाल रानकोंबडा हे प्राणीही येतात, हे त्याने टिपले. मुख्य सालपट्ट्यापासून फार दूर, पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचे एक एकाकी बेट आहे. तेथेही त्याला हे दोन्ही प्राणी आढळले. झाडाबरोबर प्राण्यांचाही एक संच चालतो, हे निरीक्षण पुढच्या अभ्यासकांना मोलाचे वाटले.

वाघांबद्दलही त्याने सरसकट शत्रुत्व धरले नाही. दाट जंगलात राहून हरणे-डुकरे मारणारा वाघ, गुरे उचलणारा वाघ आणि नरभक्षक वाघ यांत त्याने फरक केला. पहिल्या प्रकारचा वाघ पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांना आळा घालतो. त्यामुळे तो शेतकऱ्याच्या उपयोगाचाच, असे त्याचे मत होते. प्रत्येक वाघावर बक्षीस लावणाऱ्या त्या काळात हा विचार वेगळा होता.

तरीही फोर्सिथला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. लागल्यावर आत फुटणाऱ्या स्फोटक गोळ्यांचा त्याने वाघासारख्या जनावरांसाठी पुरस्कार केला. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून हलक्या अशा गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. जनावरांना तशी सवलत कोणी दिली नाही. डोंगरउतारावरचे झाडझुडूप तोडून, जाळून राखेत बी फेकण्याची आदिवासींची शेती त्याला जंगलाचा नाश वाटे. रेल्वेच्या स्लीपरसाठी पडणारी सरकारी आणि ठेकेदारी कुऱ्हाडही तितकीच खोल होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबई-जबलपूर मार्ग पुरा झाला. पचमढीजवळचे बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले, तेव्हा कोरकूंच्या पिढीजात वाटांवर सरकारी हद्दीचे खुंटे आले. जंगल वाचवण्याची आणि जंगलातल्या माणसाला परके करण्याची प्रक्रिया येथे एकत्रच सुरू झाली, आणि फोर्सिथ तिचा एक शिल्पकार होता.

अचूकतेचा हिशेब

१ मे १८७१ रोजी लंडनमध्ये फोर्सिथचे निधन झाले. वय अवघे तेहतीस. आपला मोठा ग्रंथ छापून हातात घेण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

जखमी जनावर मागे राहू नये, या काळजीतून त्याने अचूकतेचा ध्यास घेतला होता. परंतु अचूक बंदूक सर्वांच्या हाती आली, तेव्हा तिने त्याच जंगलाला रिते केले. कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारासिंग्यांची संख्या १९७० मध्ये कान्हात अवघी ६६ उरली होती. पचमढीच्या पायथ्याचा बारासिंगा तर केव्हाच नाहीसा झाला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग अधिकृतपणे संपवले. कान्हातल्या उरल्यासुरल्या कळपांची निगुतीने वाढ झाली आणि २०१५ पासून तेथले बारासिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणून सोडण्यात आले. या मुलखात ते पूर्वी नांदत होते, याच्या जुन्या लेखी पुराव्यांत फोर्सिथच्या ग्रंथाचीही गणना होते.

नळीचा पीळ, गोळीचे वजन आणि दारूचे माप यांची सांगड घालणारा हा तरुण बंदूक सुधारत होता, आणि त्याच वेळी जंगलात काय होते याची नोंदही करून ठेवत होता. बंदूक कालबाह्य झाली. नोंद मात्र दीडशे वर्षांनी कामाला आली. नागपूरहून पचमढीला जाणारी गाडी देनवेच्या खोऱ्याजवळून घाट चढू लागते, तेव्हा खिडकीबाहेरचे सालवन पाहताना याची आठवण ठेवायला हरकत नाही.